एक वारली, तीन पत्ते

पालघरहून बोईसरकडे निघालात की वाटेत कोळगाव लागतं. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, पुढे जिल्ह्याचं मुख्यालय इथे उभं राहिलं, आणि एरवी कुणाला फारसं माहीत नसलेलं हे नाव जिल्हाभर झालं. भाषेच्या विद्यार्थ्याला तर ही जागा म्हणजे पर्वणीच. नुसतं रस्त्याकडेला उभं राहा. जव्हार-मोखाड्याकडून कामासाठी आलेली वारली आणि कोकणा माणसं, किनाऱ्यावरचे मांगेले, केळवे-माहीमची वाडवळ मंडळी, तलासरीकडचे बोलता बोलता गुजरातीत शिरणारे लोक, तारापूरच्या कारखान्यांत कामाला आलेले उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार. एका शेअर रिक्षात चार भाषा सहज बसतात.

एका कार्यालयात पाहिलेला प्रसंग सांगतो. रांगेत माझ्या पुढे एक आजोबा होते, सोबत दहाबारा वर्षांची नात. दोघं आपसात वारलीत बोलत होते. खिडकीपाशी नंबर आला. समोरच्या माणसाने मदत म्हणून त्यांचा फॉर्म स्वतःच भरायला घेतला. नाव विचारलं, गाव विचारलं, वय विचारलं. "मातृभाषा" या रकान्यापाशी मात्र काहीच विचारलं नाही. थेट "मराठी" लिहिलं आणि पुढे गेला. त्यात त्याचा वाईट हेतू अजिबात नव्हता. आजोबांचीही तक्रार नव्हती. पण मला तो रकाना काही केल्या डोक्यातून जाईना, कारण माझं संशोधन त्या एका शब्दाभोवतीच फिरतं.

तुम्ही म्हणाल, यात संशोधन कसलं? वारली ही मराठीचीच बोली ना? तर उत्तर असं आहे की तुम्ही कोणतं पुस्तक उघडता त्यावर ते अवलंबून आहे. एका पुस्तकात वारली मराठीच्या घरात राहते. दुसऱ्यात ती भिलीच्या घरात आहे. तिसऱ्यात कोकणीच्या. बोली एक, पत्ते तीन. आणि हे नुसतं वारलीचं नाही. कोकणा, कातकरी, सामवेदी अशा शेजारच्या बोलींचंही थोड्याफार फरकाने असंच आहे. हे तीन पत्ते आले कुठून, त्यातला खरा कोणता, आणि खरा-खोटा ठरवायचं तरी कसं, हे आज पाहू.

पहिला पत्ता: मराठी

१८९८ साली जॉर्ज ग्रियर्सन यांच्याकडे भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाची सूत्रं आली. या सर्वेक्षणाचे खंड पुढे १९०३ ते १९२८ अशी पंचवीस वर्षं प्रसिद्ध होत राहिले. पद्धत साधी होती. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत भाषांतर करून मागवायची, सोबत स्थानिक मजकुराचा एखादा नमुना, आणि शब्दांची व छोट्या वाक्यांची एक ठरलेली यादी. हे साहित्य जिल्ह्याजिल्ह्यातल्या सरकारी अधिकाऱ्यांमार्फत गोळा व्हायचं. आज कोळगावात जशी जिल्हाधिकारी कचेरी आहे, तशीच तेव्हा ठाण्याला होती.

मराठीचा सातवा खंड १९०५ साली आला. तो तयार करण्याचं काम स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने केलं. त्यात उत्तर कोकणातल्या बोलींची मोठी रांगच आहे: कोळी, आगरी, वाडवळ, फुडगी, सामवेदी, काथोडी म्हणजे कातकरी, आणि वारली. या सगळ्या मराठीच्या छत्राखाली आहेत.

पण १९०७ साली आलेला नवव्या खंडाचा तिसरा भाग उघडा. त्यात भिल्ल बोली आणि खानदेशी आहेत. तिथे भिल्ल बोलींच्या यादीत "कोंकणी" नावाची एक बोली सापडते. ही गोव्याची कोकणी नव्हे. ही कोकणा समाजाची, जिला कुकणा असंही म्हणतात. आता गंमत बघा. जव्हारच्या डोंगरात वारली पाडा आणि कोकणा पाडा शेजारी शेजारी असतात. बाजार एक, ओढा एक. पण ग्रियर्सनच्या कपाटात एक पाडा सातव्या खंडात गेला आणि दुसरा नवव्यात.

पुढे १९६०च्या दशकात डॉ. अ. मा. घाटगे यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळासाठी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची एक मालिका केली. तिच्यात ठाण्याच्या वारलीवर स्वतंत्र पुस्तक आहे. म्हणजे पत्ता पुन्हा मराठीच. मात्र त्याच मालिकेत दक्षिण कॅनराच्या कोकणीवरही पुस्तक आहे, हे लक्षात ठेवा. "मराठीच्या बोली" हे छत्र तेव्हा किती ऐसपैस उघडलं जायचं, ते त्यावरून कळतं.

दुसरा पत्ता: भिली

आता जनगणनेकडे या. २०११च्या जनगणनेत लोकांनी आपल्या मातृभाषेची म्हणून जी नावं सांगितली, ती मोजली तर १९,५६९ भरली. त्यात एकाच भाषेची दहा-दहा स्पेलिंगं, गावांची नावं, जातींची नावं, सगळंच आलं. छाननी करून त्यातून १,३६९ मातृभाषा ठरवल्या. आणखी १,४७४ नावं "अवर्गीकृत" म्हणून बाजूला ठेवली. मग त्या मातृभाषा मोठ्या भाषांच्या पोटात घातल्या आणि शेवटी १२१ भाषांचा तक्ता तयार झाला: आठव्या अनुसूचीतल्या २२ आणि बाकी ९९. ज्या मातृभाषेचे दहा हजारांहून कमी बोलणारे निघाले, तिचं नाव तक्त्यात वेगळं छापलंच जात नाही. ती "इतर" मध्ये जाते.

या तक्त्यात वारली कुठे आहे? "भिली/भिलोडी" या नावाखाली. तिच्या सोबत कोकणा, धोडिया, चोधरी, मावची, पावरी, वसावा आणि थेट राजस्थानातली वागडी. या सगळ्यांची मिळून बेरीज १ कोटी ४ लाखांच्या वर आहे, आणि त्यातले ३३ लाखांहून जास्त लोक एकट्या वागडीचे आहेत. म्हणजे ग्रियर्सनने वेगळे केलेले वारली आणि कोकणा पाडे जनगणनेने पुन्हा एकत्र आणले, पण आणले ते डुंगरपूर-बांसवाड्याच्या माणसांसोबत एका खोलीत.

तिसरा पत्ता: कोकणी

तिसरं पुस्तक म्हणजे "एथ्नोलॉग". जगातल्या भाषांची ही यादी १९५१ पासून निघते. ती काढणारी एसआयएल नावाची संस्था भाषांना तीन अक्षरी संकेतही देते आणि ते संकेत आज संगणकाच्या जगात सगळीकडे वापरले जातात. वारलीचा संकेत व्ही-ए-व्ही. कोकणाचा, कातकरीचा, फुडगीचा, सामवेदीचा असे प्रत्येकीचे वेगळे संकेत आहेत. स्वतंत्र भाषा म्हणून नोंद झाली, हे चांगलंच. पण वंशावळीत या सगळ्यांना ठेवलंय "कोकणी" नावाच्या फांदीवर, गोव्याच्या कोकणीच्या शेजारी.

पणजीचा माणूस आणि विक्रमगडचा माणूस समोरासमोर बसवा. काय होईल याचा अंदाज तुम्हाला आहेच.

इथे माझा संशय नावावर आहे. "कोकणी" या एका शब्दाचे आपल्याकडे निदान तीन अर्थ होतात. एक, गोवा-कारवार-मंगळूरची कोकणी भाषा. दोन, कोकण पट्ट्यातल्या कोणत्याही माणसाचं बोलणं, ज्याला मुंबईत सरसकट "कोकणी" म्हणतात. आणि तीन, कोकणा किंवा कोकणी नावाच्या आदिवासी समाजाची बोली, जी कोकणापेक्षा नाशिक, डांग आणि सुरतेकडच्या डोंगरात जास्त ऐकू येते. ग्रियर्सनच्या खंडात हे तीन अर्थ तीन ठिकाणी नीट वेगळे ठेवलेले दिसतात. नंतरच्या याद्यांमध्ये मात्र ते एकमेकांत सांडल्यासारखे वाटतात.

मग नातं ठरवायचं कसं?

दोन भाषा सारख्या दिसल्या की त्या बहिणी, असं आपल्याला वाटतं. इथेच बहुतेक गोंधळ होतो. सारखेपणा चार वेगवेगळ्या कारणांनी येतो आणि त्यातलं एकच कारण नात्याचा पुरावा म्हणून उपयोगी असतं.

पहिलं कारण: दोघींनी जुनी वस्तू जपून ठेवली. प्रमाण मराठीत आपण "मी" म्हणतो. कोकणीत "हांव", गुजरातीत "हुं". नुसतं ऐकलं तर वाटेल, कोकणी आणि गुजराती जवळच्या, मराठी लांबची. पण "हांव" आणि "हुं" दोन्ही संस्कृत "अहम्" पासून प्राकृत-अपभ्रंशातून उतरलेले आहेत. जुना ठेवा आहे तो. मराठीने तो टाकला आणि मूळ तृतीयेचं रूप प्रथमेत आणलं, तेच "मी". आजीची पैठणी दोन नातींनी जपली आणि तिसरीने मोडीत काढली, म्हणून पहिल्या दोघी सख्ख्या आणि तिसरी चुलत ठरत नाही.

दुसरं कारण: शेजार. मराठीत "च" दोन प्रकारचा आहे. "चार" मधला वेगळा, "चाक" मधला वेगळा. कोकणीतही तसंच. गुजरातीत असं नाही. मग हा मराठी-कोकणीच्या रक्ताच्या नात्याचा पुरावा? थांबा. असाच दुहेरी "च" तेलुगूतही आहे, आणि तेलुगू तर द्राविडी. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्या भाषा एकमेकींचे उच्चार उचलतात. वाटीभर साखर मागितली म्हणून कुणी नातेवाईक होत नाही.

तिसरं कारण: योगायोग. वसईच्या सामवेदीत, जिला कादोडी असंही म्हणतात, "स"च्या जागी "ह" ऐकू येतो. सुरतेकडच्या बोली गुजरातीतही "स"चा "ह" होतो आणि कित्येक भिल्ल बोलींतही. झालं, लावा सगळ्यांना एका माळेत! पण "स"चा "ह" होणं ही जगात पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट आहे. संस्कृत "सप्त" म्हणजे फारसीत "हफ्त". त्यातूनच आठवड्याला "हफ्ता" म्हणतात आणि आपण बँकेचा "हप्ता" भरतो. ग्रीकमध्येही सात म्हणजे "हेप्टा". असा बदल प्रत्येक ठिकाणी आपापला होऊ शकतो. म्हणून एकटा तो पुरावा ठरत नाही. सोबत आणखी बदल जुळावे लागतात.

चौथं कारण: दोघींनी मिळून केलेला नवा बदल. मूळ भाषेत नसलेली, शेजाऱ्याकडून न घेतलेली, सहजासहजी दोनदा सुचणार नाही अशी गोष्ट दोन भाषांत सारखी सापडली, तर त्या दोघी काही काळ एकच भाषा होत्या असं म्हणता येतं. विभक्तीचे प्रत्यय, क्रियापदाच्या रूपांमधले विचित्र अपवाद, अशा कोपऱ्यांत ही माहिती लपलेली असते. नातं ठरवायचं ते या चौथ्या प्रकारावर.

म्हणूनच वारली संस्कृतीतले शब्द या कामी येत नाहीत. तारपा, कणसरी, धवलेरी हे शब्द मौल्यवान आहेत. पण ते गाणं, देव आणि लग्न यांच्यासोबत एका समाजातून दुसऱ्या समाजात जातात. शब्द प्रवास करतो. प्रत्यय सहसा घरी बसतो.

तीन पत्त्यांची तपासणी

ही चाळणी हातात घेऊन पुन्हा तीन पत्त्यांकडे वळू.

ग्रियर्सन-कोनो यांनी व्याकरण पाहिलं, म्हणजे योग्य दिशेने पाहिलं. अडचण नमुन्यांची आहे. एका बोलीला मोजके नमुने. तेही भाषांतरित. लिहून घेणारा कारकून किंवा शिक्षक बहुधा मराठी शिकलेला. समोर बसलेला वारली माणूस सरकारी माणसापुढे आपल्या घरच्या भाषेत बोलेल की बाजारच्या? माझ्या रांगेतले आजोबा खिडकीपाशी जाईपर्यंत वारलीत बोलत होते, खिडकीत मात्र मराठीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही वेगळं घडलं असेल असं मला वाटत नाही.

जनगणनेचा गट पाहा. त्यातली नावं वाचली की दिसतं, बहुतेक सगळी पश्चिम भारतातल्या आदिवासी समाजांची नावं आहेत. म्हणजे "कोण बोलतं" हे त्या गटातलं सगळ्यात ठळक साम्य आहे. "कसं बोलतात" हे नव्हे. समाज आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोंगरात राहणाऱ्या, शेती आणि जंगलावर जगणाऱ्या दोन समाजांचं जगणं सारखं असू शकतं. त्यावरून त्यांची भाषा एका आईची ठरत नाही.

तिसऱ्या पत्त्यात नावाचा घोळ आहे, हे वर आलंच. शिवाय कोकणीची ओळख सांगणाऱ्या खुणा पाहा. मराठी "मला", तर कोकणी "म्हाका". मराठी "घोडा", तर कोकणी "घोडो". वारलीला कोकणीच्या फांदीवर बसवायचं असेल तर अशा खुणा, आणि त्यातल्याही नव्या घडलेल्या खुणा, वारलीत दाखवून द्यायला हव्यात. नुसतं "दोन्ही कोकणपट्टीत आहेत" हे पुरेसं नाही.

थोडक्यात, तीन पुस्तकांनी एकाच प्रश्नाची तीन उत्तरं दिलेली नाहीत. त्यांनी तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. एकाने विचारलं, व्याकरण कुणासारखं? दुसऱ्याने विचारलं, बोलणारे कोण? तिसऱ्याच्या उत्तरावर प्रदेशाची आणि नावाची सावली पडली. आपण मात्र तिन्ही उत्तरं एकाच रकान्यात लिहितो आणि मग भांडतो.

पण झाडच चुकलं असेल तर?

आता थोडं अवघड वळण. समजा आपल्याकडे उत्तम नमुने आहेत आणि चाळणीही आहे. तरी एक अडचण उरते. "घोडा" हाच शब्द घ्या. कोकणीत "घोडो", गुजरातीत "घोडो", मराठीत "घोडा". या रेषेने कोकणी-गुजराती एकीकडे आणि मराठी दुसरीकडे. आता त्याला प्रत्यय लावा. मराठीत "घोड्याला", कोकणीत "घोड्याक", दोन्हीकडे मध्ये "घोड्या" हे सामान्यरूप. गुजरातीत "घोडाने". या रेषेने मराठी-कोकणी एकीकडे आणि गुजराती दुसरीकडे. म्हणजे एकाच शब्दाच्या दोन रूपांनी नकाशावर दोन वेगळ्या रेषा ओढल्या आणि त्या एकमेकींना छेदून गेल्या.

झाडाच्या फांद्या अशा छेदत नाहीत. एकदा फांदी फुटली की फुटली. पण पालघरसारख्या पट्ट्यात लोक कधी फुटून लांब गेलेच नाहीत. तलासरीच्या पुढे उंबरगाव, जव्हारच्या पुढे नाशिक आणि डांग, मुली एका पाड्यातून दुसऱ्यात लग्न होऊन जाणार, मजूर हंगामाला वसई-भिवंडीकडे उतरणार. इथे भाषा पाड्यागणिक थोडी थोडी बदलते. प्रत्येक पाड्याला शेजारचा पाडा कळतो, पण दोन टोकं एकमेकांना कळत नाहीत. अशा साखळीत "इथे मराठी संपली आणि भिली सुरू झाली" अशी पाटी लावायला जागाच नसते. जी पाटी दिसते ती रस्त्यावरची, राज्याच्या हद्दीची.

ही अडचण आपल्या एकट्यांची नाही. पापुआ न्यू गिनी या देशात आठशेहून जास्त भाषा आहेत. तिथल्या छोट्या छोट्या भाषाकुळांचं काय करायचं यावर अभ्यासक अजून वाद घालतात. १९७० च्या दशकात स्टीफन वुर्म यांनी त्यातली कित्येक कुळं "ट्रान्स न्यू गिनी" नावाच्या एका प्रचंड कुळात घातली. २००५ साली माल्कम रॉस यांनी सर्वनामांच्या आधारे पुन्हा मांडणी केली, कारण सर्वनामं सहसा उसनी घेतली जात नाहीत. त्यात आधीची काही कुळं बाहेर राहिली. आपल्याकडे ही युक्तीही तोकडी पडते. इथल्या सगळ्या बोली मुळात एकाच भारतीय-आर्य घरातल्या, त्यामुळे सर्वनामं सगळीकडे ओळखीचीच दिसतात. ती जुळली तरी नवं काही सिद्ध होत नाही. तिथे प्रश्न आहे, या भाषांचं एकमेकींशी काही नातं आहे का? इथे प्रश्न आहे, सगळ्याच नात्यातल्या असताना जास्त जवळची कोण?

म्हणून अलीकडचं काम वेगळ्या वाटेने चाललं आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींचं जे नवं सर्वेक्षण हाती घेतलं, त्यात बोलीला एक शिक्का मारण्याऐवजी एकेका भाषिक वैशिष्ट्याचा नकाशा काढतात. हा प्रत्यय कुठवर जातो, हे रूप कुठे थांबतं, असं. शंभर वैशिष्ट्यांचे शंभर नकाशे एकावर एक ठेवले की जिथे रेषा दाट होतात तिथे खरी हद्द, आणि जिथे विस्कटतात तिथे साखळी. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाने आणखी वेगळी वाट धरली. २०१३ साली आलेल्या, अरुण जाखडे यांनी संपादित केलेल्या महाराष्ट्राच्या खंडात ही कोणाची बोली या वादात न अडकता प्रत्येक भाषेला तिच्या नावाने जागा दिली आहे.

हे सगळं कुणाला हवंय?

हा प्रश्न मला घरीसुद्धा विचारतात. वारली मराठी असो की भिली, नाचणीचा भाव बदलणार आहे का?

भाव नाही बदलणार. पण बाकी पुष्कळ काही बदलतं. १९६० साली मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तेव्हा डांग जिल्हा आणि ठाण्याच्या उंबरगाव तालुक्यातला भाग गुजरातेत गेला. डांगी बोली मराठीच्या जवळची की गुजरातीच्या, यावर त्याआधी दोन्ही बाजूंनी दावे झाले होते. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणात तर डांगी खानदेशीच्या खाली आहे. त्या वादाच्या निकालाने हद्दीपलीकडच्या पाड्यातलं मूल गुजराती शाळेत बसलं आणि अलीकडचं मराठी शाळेत. घरी दोघं जे बोलत होते, ते दोन्ही शाळांत नव्हतं.

दुसरं उदाहरण कोकणीचंच. ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद किती पेटला होता ते गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको. १९७५ साली साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा मानलं, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ साली आठव्या अनुसूचीत आली. त्यासोबत पाठ्यपुस्तकं, पुरस्कार, शिक्षकांच्या जागा, सगळं आलं. व्याकरण १९७४ला होतं तेच १९७६ला होतं. बदलला तो पत्ता. पण पत्ता असला की पत्र येतं.

वारलीच्या बाबतीत अडचण अशी की तिन्ही पत्त्यांवर पाठवलेलं पत्र तिला मिळत नाही. मराठीची बोली मानली की शाळेत वेगळं काही करायची गरज वाटत नाही. मूल "मराठीच" बोलतं, मग पहिलीच्या पुस्तकात अडखळलं तर दोष मुलाचा. भिलीखाली मोजली की ती एक कोटीच्या बेरजेत हरवते, आणि सोय झालीच तर ती भिलीची होईल, जी विक्रमगडच्या मुलाला परकीच. कोकणीच्या फांदीवर ठेवली की यादीत शोभते, पण गोव्याच्या कोकणीत छापलेलं पुस्तक जव्हारला उपयोगाचं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. वर्गीकरणाचा वाद चालू राहू द्या. तो सुटायला आणखी नमुने, आणखी नकाशे, आणखी वर्षं लागतील आणि साखळीच्या काही कड्यांबाबत तो कधीच सुटणार नाही. पण आई कोण ते ठरेपर्यंत मुलाला जेवायला वाढायचं नाही, असं आपण करत नाही ना? पहिलीतलं मूल घरी काय बोलतं हे त्याच्या शिक्षकाला माहीत असायला ग्रियर्सन बरोबर होता की चूक, हे ठरायची वाट पाहावी लागत नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या हातात आहे. जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली ती. प्रगणकाने तुम्ही सांगाल तेच नाव लिहायचं असतं. गट पाडण्याचं काम नंतर, दुसरीकडे होतं. म्हणून तुमच्या घरची भाषा वारली असेल तर "वारली" सांगा, कातकरी असेल तर "कातकरी", वाडवळी असेल तर "वाडवळी", मांगेली असेल तर "मांगेली". "मराठीच लिहा हो, काय फरक पडतो" असं म्हणू नका. दहा हजारांची ती अट आठवते ना? तुम्ही मराठी म्हणालात तर तुमचा आकडा ८ कोटी ३० लाखांच्या मराठीत मिसळून जातो. तिथे त्याने काहीच वाढत नाही. इकडे मात्र एकेका माणसाने फरक पडतो. तुम्हाला मराठी येतच असेल, तर तिच्यासाठी पुढे "इतर भाषा" चा रकाना असतो. तिथे ती बिनधास्त लिहा. आईची भाषा सांगितली म्हणून मराठी रुसत नाही.

राहिले ते आजोबा. काम आटोपल्यावर बाहेर टपरीवर चहा घेताना ते पुन्हा भेटले. मी म्हटलं, "बाबा, फॉर्मवर तुमची भाषा मराठी लिहिलीय." ते काही बोलायच्या आत नात म्हणाली, "त्यांनी विचारलंच नाही."

माझ्या प्रबंधाची तीनशे पानं लिहून झाली तरी याच्याहून नेमकं वाक्य त्यात येईल असं वाटत नाही. ग्रियर्सनच्या खंडांपासून आजच्या संकेतांच्या यादीपर्यंत वारलीला पुष्कळांनी पुष्कळ ठिकाणी बसवलं. आता पुढचा फॉर्म भरताना निदान आधी विचारू या.